खाजकुहिलीचे बी आणि कंपवात

पावसाळा सरत आला की जालना जिल्ह्यात ओढ्याकाठच्या झुडपांवर आणि शेताच्या कुंपणावर एक वेल शेंगांनी लगडलेला दिसतो. दोन्ही टोकांना थोड्या वळलेल्या या शेंगांवर तपकिरी, मखमलीसारखी लव असते. गुरे राखणारी पोरे या वेलाला वळसा घालून जातात. शाळेत मात्र एखादा व्रात्य मुलगा ही लव कागदात बांधून आणतो आणि पुढच्या बाकावर टाकतो. मग त्या दिवशी वर्गात शिकवणे होत नाही. हीच खाजकुहिली. संस्कृतात तिला कपिकच्छू म्हणतात, तसेच आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी, असेही म्हणतात. तिच्या 'म्युक्युना प्रुरिएन्स' या शास्त्रीय नावातला दुसरा शब्दही लॅटिनमधील खाज सुटण्यावरूनच आला आहे. तिचे काळसर चकचकीत बी काष्ठौषधींच्या दुकानात कवचबीज म्हणून मिळते.

काही काळापूर्वी जालन्यात शिक्षकांच्या एका मेळाव्यात मेंदू या विषयावर बोलण्याचा योग आम्हाला आला. व्याख्यान संपल्यावर एक शिक्षक मागे थांबले. त्यांनी पिशवीतून एक डबी काढून आमच्या हातात दिली. त्यांच्या वडिलांना काही वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, होता. डबीवर लिहिले होते की आतील कॅप्सूलमध्ये वनस्पतींमधील नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असून ते मेंदूच्या पेशींचे रक्षण करतात. त्या भरवशावर वडिलांनी डॉक्टरांच्या गोळ्या आपणहून निम्म्यावर आणल्या होत्या आणि आता त्यांना रात्री कुशीवर वळणेही जमत नव्हते. "सर, यातले खरे किती?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. वनस्पती आणि कंपवात यांचा संबंध खोटा नाही, उलट तो फार जुना आणि खरा आहे. पण तो डबीवर लिहिला होता तसा नाही. तो कसा आहे हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्या मुंबईत लिहिली गेली आहेत.

मेंदूतील काळा ठिपका

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये 'थरथरणाऱ्या पक्षाघाता'वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांतील काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले होते. स्वस्थ बसले असता हात थरथरणे, पुढे झुकून लहान पावले टाकत चालणे, हालचाल मंदावणे ही त्यांनी टिपलेली लक्षणे आजही तशीच शिकवली जातात. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही कंप आणि कंपवात यांची वर्णने आहेत.

विकाराचे स्थान कळायला मात्र शंभर वर्षे लागली. मेंदूच्या बुंध्यात, मध्यमेंदूमध्ये, काळसर रंगाचा एक लहान पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याला 'सबस्टँशिया नायग्रा', म्हणजे काळे द्रव्य, म्हणतात. कंपवाताच्या रुग्णांमध्ये याच भागातील चेतापेशी मरतात, हे त्रेत्याकॉफ यांनी 1919 मध्ये दाखवले. या पेशी 'डोपामीन' नावाचे रसायन तयार करतात. हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागांना निरोप पोचवण्याचे काम ते करते. लक्षणे दिसू लागतात तेव्हा तेथील निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

हा विकार आपल्याकडे दुर्मीळ आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबईतील पारशी समाजाची घरोघर जाऊन केलेली पाहणी 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या समाजात दर लाखामागे सुमारे 328 रुग्ण आढळले. या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, हे मात्र तुलना करताना ध्यानात ठेवले पाहिजे.

एका वनस्पतीने आणलेला कंप

डोपामीनचे हे महत्त्व कळले ते दुसऱ्याच एका भारतीय वनस्पतीमुळे. ती म्हणजे सर्पगंधा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीची गोळी देऊन नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये त्या ब्रिटिश हृदयविज्ञान पत्रिकेत छापल्या. त्या लेखाने जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून 'रेसरपीन' हे द्रव्य वेगळे केले. रक्तदाबासाठी आणि मानसिक विकारांसाठी ते जगभर वापरले जाऊ लागले. तेव्हा डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना कंपवातासारखी लक्षणे होत आणि औषध थांबवले की ती जात.

स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेसरपीन टोचले. ससे निपचित पडले. मग त्यांनी 'डोपा' नावाचे रसायन टोचले, तेव्हा थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. डोपापासून शरीरात डोपामीन तयार होते. रेसरपीन डोपामीनचा साठा रिकामा करते आणि डोपा तो पुन्हा भरते, असा या प्रयोगाचा अर्थ होता. व्हिएन्नामध्ये एरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी 1960 मध्ये कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा तेथे डोपामीन फारच कमी भरले. पुढच्याच वर्षी बिर्कमायर आणि हॉर्निकिविच यांनी रुग्णांना शिरेवाटे लेव्होडोपा दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांसाठी उठून चालू लागली. 1967 मध्ये अमेरिकेतील जॉर्ज कोटझियास यांनी तोंडावाटे, अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत, मोठी मात्रा देण्याची पद्धत बसवली. त्यानंतर हे औषध सर्वत्र रूढ झाले. कार्लसन यांना 2000 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे विद्यार्थी हमखास विचारतात, की डोपामीनच कमी आहे तर सरळ डोपामीनच का देऊ नये? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर आहे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातील बहुतेक द्रव्ये पलीकडे जाऊ शकत नाहीत. डोपामीनला तेथे वाट नाही. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल असल्याने अमिनो आम्लांसाठी ठेवलेल्या दारातून ते आत शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन होते. हा अडसर पुढेही आपल्याला लागणार आहे, म्हणून तो लक्षात असू द्यावा.

बाकला, मद्रास आणि मुंबई

आता पुन्हा शेंगांकडे वळू. लेव्होडोपा प्रथम मिळाले तेच मुळी शेंगेतून. स्वित्झर्लंडमधील रॉश कंपनीचे मार्कुस गुगेनहाइम यांनी 1913 मध्ये बाकला या कडधान्यातून ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच अडीच ग्रॅम पूड घेतली आणि त्यांना जोरदार उलट्या झाल्या. आज त्याचे कारण कळते. मेंदूत पोचण्याआधीच शरीरात बरेचसे डोपामीन तयार झाले होते आणि वांतीचे केंद्र अडसराच्या बाहेर असल्याने ते चेतले गेले. गुगेनहाइमना मात्र या द्रव्याचा काही उपयोग असेल असे वाटले नाही.

त्यानंतर 1937 मध्ये मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुहिलीच्या बियांतून हेच द्रव्य वेगळे केले. त्या वेळी कंपवाताचा आणि त्याचा संबंध जगात कोणालाच ठाऊक नव्हता. शोधनिबंध छापून आला आणि कपाटात राहिला. कोटझियास यांच्या यशानंतर या दोन गोष्टी जोडणे शक्य झाले. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना खाजकुहिलीच्या बियांची पूड देऊन पाहिली. नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया या गटात होते. त्यांचा निबंध 1978 मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुडीने रुग्णांना आराम पडला, असे त्यात नोंदवले होते.

हे काम पुढे नेऊन मुंबईच्या झंडू कंपनीने बियांपासून 'एचपी-200' नावाची प्रमाणित पूड तयार केली. प्रमाणित म्हणजे प्रत्येक पुडीत लेव्होडोपा किती हे मोजून ठरवलेली. अमेरिकेतील डॉ. बाला मण्यम यांचाही या कामात सहभाग होता. निरनिराळ्या केंद्रांत मिळून 60 रुग्णांवर तिची 12 आठवडे चाचणी झाली आणि निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात कालवून दिवसातून तीन ते सहा वेळा द्यायची, अशी पद्धत होती. लक्षणांमध्ये चांगली सुधारणा दिसली. पण या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही तिची मर्यादा होती. ती उणीव 2004 मध्ये लंडनला झालेल्या एका छोट्या चाचणीने काही अंशी भरून काढली. आठच रुग्ण होते, पण कोणत्या दिवशी कोणते औषध दिले हे रुग्णांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना कळू दिले नव्हते. 30 ग्रॅम पुडीचा परिणाम सुमारे 35 मिनिटांत सुरू झाला, तर नेहमीच्या गोळीला सुमारे 69 मिनिटे लागली. शिवाय पुडीचा परिणाम सुमारे 37 मिनिटे जास्त टिकला.

मात्र याला दुसरी बाजूही आहे. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियामध्ये भाजलेल्या बियांची पूड 14 रुग्णांना काही आठवडे रोज देऊन पाहिली. त्यातील निम्म्यांनी ती मध्येच सोडली. काहींना पोटाचा त्रास झाला, तर काहींच्या हालचाली बिघडल्या. एकदा घेतलेल्या मात्रेचे यश आणि रोजच्या उपचाराचे यश यांत एवढे अंतर असू शकते.

आता या साऱ्या इतिहासातील एक गोष्ट पाहा. खाजकुहिलीने रुग्णांना चालते केले ते पेशींचे रक्षण करून नव्हे. पेशी मेल्या त्या मेल्याच. बियांतील लेव्होडोपाने त्यांच्या कामाची तूट भरून काढली. खिसा फाटला असताना वरून पैसे टाकत राहण्यासारखेच हे आहे. पैसे मिळतात ते खरे, पण खिसा शिवला जात नाही.

खिसा शिवण्याचा विचार

मग पेशी मुळात मरतात का? अँटिऑक्सिडंटची कल्पना येथून आली आणि ती पोकळ नव्हती. ऑक्सिजन वापरणाऱ्या प्रत्येक पेशीत 'मुक्त मूलके' ही अतिक्रियाशील द्रव्ये तयार होत असतात. ती मेद, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांचे ऑक्सिडीकरण करतात. लोखंड गंजते तसाच हा प्रकार आहे. त्यांना निष्प्रभ करण्याची व्यवस्थाही पेशीत असते. काळ्या द्रव्यातील पेशींवर मात्र जादा बोजा असतो. डोपामीनच्या विघटनातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि या भागात लोहही भरपूर असते. पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले की फार घातक मूलके निर्माण होतात.

या विचाराला एका दुर्घटनेने बळ दिले. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी ताठरून गेले. चोरून बनवलेल्या मादक द्रव्यात 'एमपीटीपी' नावाची भेसळ होती. ती काळ्या द्रव्याच्या पेशींत शिरून तंतुकणिकांचे काम बंद पाडते, असे आढळले. पुढे 1989 मध्ये नेहमीच्या कंपवाताच्या रुग्णांतही तंतुकणिकांचा तोच टप्पा दुबळा असल्याचे दिसले. 2000 मध्ये उंदरांना 'रोटेनोन' देऊन कंपवातासारखा विकार निर्माण करता आला. हे रोटेनोन डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांत मिळणारे कीटकनाशक आहे. विशेष म्हणजे बाकला, खाजकुहिली आणि डेरिस ही तिन्ही एकाच शिंबी कुळातील आहेत. एकाच कुळात औषध आणि विष दोन्ही सापडावीत, यावरून 'नैसर्गिक' या शब्दाला किती वजन द्यायचे ते वाचकांनीच ठरवावे.

ऑक्सिडीकरणाने पेशी मरत असतील, तर ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य त्यांना वाचवील, हा तर्क सरळ होता. प्रयोगशाळेत तो खराही ठरला. हळदीतील कर्क्युमिन आणि हिरव्या चहातील द्रव्ये यांनी काचपात्रातील पेशींना आणि उंदरांना विषापासून वाचवल्याचे अनेक प्रयोग आहेत. खुद्द खाजकुहिलीच्या पुडीने उंदरांमध्ये तंतुकणिकांचे काम सुधारले, असे मण्यम यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवले.

माणसांमध्ये काय दिसले?

पहिली मोठी परीक्षा 1987 मध्ये अमेरिका व कॅनडात सुरू झाली. 800 रुग्ण होते आणि द्रव्य होते वनस्पतितेलांतून मिळणारे जीवनसत्त्व ई, रोज 2000 एकक. 1993 मध्ये अंतिम निष्कर्ष आले. जीवनसत्त्वाने विकाराची वाटचाल मंदावली नाही. नंतर कोएन्झाइम क्यू-10 ची पाळी आली. 600 रुग्णांवरची ती चाचणी, पुढे नेण्यात अर्थ नाही असे दिसल्याने, थांबवण्यात आली. तिचा अहवाल 2014 मध्ये आला. रक्तातील यूरिक आम्ल हे शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट आहे आणि ते ज्यांच्या रक्तात जास्त असते त्यांना कंपवात कमी होतो, असे पाहण्यांत दिसले होते. म्हणून 298 रुग्णांवर ते वाढवून पाहण्याची चाचणी झाली. 2021 च्या अहवालानुसार रक्तातील पातळी वाढली, पण विकाराचा वेग तसाच राहिला.

असे का व्हावे? काही कारणे आज सांगता येतात. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि पुढे तोच रक्त-मेंदू अडसर उभा असतो. काचपात्रात अडसर नसतो. उंदराला विष देण्याआधीच औषध देता येते, पण माणूस डॉक्टरांकडे येतो तेव्हा निम्म्या पेशी गेलेल्या असतात. शिवाय ऑक्सिडीकरण हे पेशीमृत्यूचे मूळ कारण आहे की आधी सुरू झालेल्या बिघाडाचा धूर आहे, हा प्रश्न उरतोच. धूर हटवला म्हणजे आग विझते असे नाही.

आजमितीस कोणत्याही वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंटने माणसातील कंपवाताची वाढ रोखल्याचे सिद्ध झालेले नाही. लेव्होडोपाही ती रोखत नाही. पण ते लक्षणे हटवते आणि हे अनेकदा, तुलना करून, सिद्ध झाले आहे.

वर्गात करण्याजोगे

हा विषय वर्गात दोन प्रकारे आणता येईल. पहिला प्रयोग केळ्याचा. केळ्याच्या चार चकत्या करा, दोघींवर लिंबाचा रस लावा आणि तासाभराने पाहा. उघड्या चकत्या काळ्या पडतील, रस लावलेल्या बऱ्याच उजळ राहतील. केळ्यात डोपामीन असते आणि काळे पडण्यात त्याच्या ऑक्सिडीकरणाचाही वाटा असतो. लिंबातील आम्ल आणि जीवनसत्त्व क ही क्रिया रोखतात. मग मुलांना विचारा, की केळी खाऊन कंपवात बरा होईल का? लिंबू पिऊन मेंदू उजळ राहील का? अडसराची गोष्ट ज्यांनी नीट ऐकली असेल ते बरोबर उत्तर देतील.

दुसरे एक गणित. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपाचे प्रमाण वाण आणि जागा यांनुसार बदलते, ते साधारण 3 ते 6 टक्के धरू. पाच ग्रॅमचा एक चमचा पुडीत एका वेळी 150 मिलिग्रॅम, तर दुसऱ्या वेळी 300 मिलिग्रॅम लेव्होडोपा येईल. चमचा तोच, मात्रा दुप्पट! प्रमाणित पूड आणि बाजारातली सुटी पूड यांतला फरक मुलांना यातून कळेल. शेंगा गोळा करायला मात्र मुलांना पाठवू नये. त्यांच्या लवेतील म्युक्युनेन हे विकर किती खाजवते हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

त्या शिक्षकांना आम्ही एवढेच सांगितले, की वडिलांच्या गोळ्यांबद्दल आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांशी बोला, कारण लेव्होडोपा एकाएकी कमी करणे किंवा थांबवणे धोक्याचे असते. मग डबी दोघांनी मिळून वाचली. तिच्यावर सहा वनस्पतींची नावे होती, पण कशाचे किती मिलिग्रॅम हे कोठेच नव्हते. घटकांत कवचबीजही होते. म्हणजे गोळ्यांच्या जोडीला न मोजलेले लेव्होडोपा पोटात जात असण्याची शक्यता होती. ही डबीही डॉक्टरांना दाखवा, असे आम्ही सुचवले.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. गोळ्या डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि त्या दिवशी सकाळी वडिलांनी सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावल्या होत्या. डबीचे काय केले, असे आम्ही विचारले. ती त्यांनी शाळेत नेली होती. डबीवर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, याची यादी त्यांनी नववीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतली होती.